विसरलेले पूर्वज नव्या राष्ट्रांना का लागतात?

विरारच्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न आहे. मौर्य काळ शिकवताना सहावीतल्या एका मुलीनं त्यांना विचारलं, "सर, अशोक पाटलिपुत्राचा राजा, मग तो आपला कसा?" त्यावरून ते मला विचारतात: ग्रीस, मेक्सिको, तुर्कस्तान, जवळपास सगळ्याच नव्या राष्ट्रांनी हजारो वर्षांपूर्वीचे लोक शोधून त्यांना आपले पूर्वज ठरवलेलं दिसतं. हे सगळं रचलेलं समजायचं का? आपणही तेच केलं का? आणि वर्गात काय सांगायचं?

मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर तिच्या घराजवळ आहे. विरारहून लोकलनं एकच स्टेशन पुढे नालासोपारा. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. 1882मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956मध्ये त्याच परिसरात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. पहिला तुकडा आज फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, शिकारीला जात, मी धम्मयात्रा सुरू केली, असं हा आठवा लेख सांगतो. म्हणजे पाटलिपुत्राच्या राजाचं म्हणणं बावीसशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर दगडात कोरलं गेलं होतं. तेवढ्या अर्थानं तो 'आपला' आहे, आणि यात कुणी काही रचलेलं नाही.

पण या उत्तरावर थांबता येत नाही. तो लेख इथे होता, तरी तो कुणाचा हे इथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सोपाऱ्याच्या स्तूपाच्या टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या कष्टानं दिल्लीला आणवले, तेव्हाही त्यांवरची अक्षरं वाचणारा कुणी भेटला नाही. पुराणांच्या वंशावळीत अशोकाचं नाव होतं, बौद्ध ग्रंथांत कथा होत्या, पण लोकांच्या बोलण्यात, गाण्यात, सणात तो नव्हता. 1837मध्ये जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली. त्या लेखांतला 'देवानं पिय पियदसि' म्हणजे अशोकच, हे श्रीलंकेच्या पाली ग्रंथांवरून जॉर्ज टर्नर यांनी दाखवलं. सारनाथचं सिंहशीर्ष त्यानंतर बऱ्याच काळानं, 1904-05च्या उत्खननात जमिनीतून वर आलं. 22 जुलै 1947ला संविधान सभेनं ध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथचं चक्र आलं, आणि 26 जानेवारी 1950ला ते सिंह राजमुद्रा झाले. साडेचार दशकांपूर्वी मातीखाली असलेली वस्तू नाण्यानाण्यावर उमटली.

एवढ्या घाईनं एका विसरलेल्या राजाला इतकी मोठी जागा का मिळाली? माझं उत्तर असं: तो विसरलेला होता म्हणूनच. 1947च्या रक्तपातात ज्या कुठल्या जवळच्या राजाचं, राजवटीचं नाव घेतलं असतं, त्यावर कुणाचा तरी हक्क होता आणि कुणाची तरी जखम होती. मध्ययुगातला प्रत्येक राजा कुणाचा नायक आणि कुणाचा शत्रू होता. अशोकाच्या नावानं देशात भांडायला कुणी उरलं नव्हतं. त्याचं घराणं उरलं नव्हतं, त्याची भाषा कुणाची मातृभाषा नव्हती, त्याचा धर्म पाळणारे देशात थोडे होते. शिवाय त्याचे लेख युद्धाचा पश्चात्ताप आणि सर्व पंथांचा आदर यांबद्दल बोलतात, हे नेहरूंना मनापासून भावलं होतं. ती निवड चांगली होती असं मी मानते. पण ती निवड होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. राजमुद्रेवरचं 'सत्यमेव जयते' हे अशोकाचं वचन नाही, मुंडक उपनिषदातलं आहे. दोन वेगवेगळ्या परंपरा 1950मध्ये एका चिन्हात जोडल्या गेल्या.

हीच गोष्ट जगभर दिसते. नवं राष्ट्र जवळचा भूतकाळ ओलांडून मागे जातं, आणि ज्याचे वारस हजर नाहीत असा पूर्वज निवडतं. शोध बहुधा खरा असतो, दगडही खरे असतात. मधलं काय गाळलं आणि हजर असलेल्या कुणाला बाजूला सारलं, हे पाहिलं की त्या राष्ट्राची गरज समजते.

ग्रीस हे याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण. 1821ला ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव झाला, 1830मध्ये नवं राज्य मान्य झालं, राजा म्हणून बव्हेरियाचा ओटो आला. 1834मध्ये राजधानी अथेन्सला नेली. तेव्हा ते लहानसं, लढाईत उद्ध्वस्त झालेलं गाव होतं. व्यापार, बंदर, लोकवस्ती यांपैकी कुठल्याच कारणानं त्याची निवड झाली नाही, कारण होतं पेरिक्लीस या प्राचीन अथेन्सच्या नेत्याचं नाव. मग अॅक्रोपोलिसवर, म्हणजे शहरातल्या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, साफसफाई सुरू झाली. तिथल्या मुख्य मंदिराच्या, पार्थेनॉनच्या, आत मशीद होती, ती काढली. मध्ययुगीन फ्रँक सरदारांचा मनोरा 1875मध्ये पाडला, त्याचा खर्च ट्रॉयच्या उत्खननामुळे नाव झालेल्या श्लीमाननं दिला. आज आपण जो 'शुद्ध प्राचीन' अॅक्रोपोलिस पाहतो तो एकोणिसाव्या शतकानं निवडून ठेवलेला आहे. इसवी सन पूर्व पाचवं शतक ठेवलं, मधली दीड-दोन हजार वर्षं उचलून टाकली. त्याच 1830मध्ये फाल्मरायर नावाच्या विद्वानानं लिहिलं की आजच्या ग्रीकांत प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा थेंबही नाही. ग्रीक समाज या वाक्यानं पेटून उठला. त्यावर पापारिगोपूलोस या ग्रीक इतिहासकारानं कित्येक वर्षं खपून जो इतिहास लिहिला, त्यात गाळलेलं मध्ययुगीन बायझंटाइन साम्राज्याचं पर्व परत आणून प्राचीन ते आधुनिक अशी सलग साखळी उभी केली. म्हणजे गाळलेला काळ कायमचा गाळता येत नाही, हे दोन पिढ्यांतच त्यांच्या लक्षात आलं. माझ्या मते फाल्मरायरचा प्रश्नच चुकीचा होता. रक्त मोजून पूर्वज ठरवणं हा खेळ एकदा मान्य केला की त्यात सगळेच हरतात.

बेल्जियमबद्दल थोडक्यात. 1830मध्ये देश जन्मला, नाव घेतलं सीझरच्या काळातल्या बेल्गी लोकांचं. 1866मध्ये टोंगरन गावात अँबिओरिक्स या टोळीप्रमुखाचा पुतळा उभा राहिला. गंमत म्हणजे या माणसाची माहिती मुख्यतः त्याच्या शत्रूनं, सीझरनंच लिहून ठेवली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना या देशानं 1957मध्ये ज्या प्राचीन साम्राज्याचं नाव घेतलं, ते आजच्या माली-मॉरिटानियाच्या प्रदेशात होतं, आजच्या घानापासून शेकडो मैल दूर. देशाचे पहिले नेते एन्क्रुमा यांना नाव हवं होतं ते वसाहतीपूर्वीच्या आफ्रिकी राज्यसत्तेचं. नकाशा जुळणं त्यांच्यासाठी महत्त्वाचं नव्हतं, आणि मला ते पटतं.

तुर्कस्तानची गरज निराळी होती. 1923च्या प्रजासत्ताकाला ऑटोमन वारसा मागे टाकायचा होता. त्याच वेळी अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, भूमीवर ग्रीक आणि आर्मेनियन लोकांचे जुने दावे उभे होते. त्या सगळ्यांच्या आधीचे कोण? अनातोलियातले हित्ती आणि मेसोपोटेमियातले सुमेर लोक. 1930च्या दशकात सरकारी इतिहासानं त्यांना तुर्कांचे पूर्वज म्हटलं. सरकारी बँकांची नावं पाहा: 1933ची सुमेरबँक आणि 1935ची एतीबँक. एती म्हणजे हित्ती. अडचण एकच होती. 1915मध्येच बेद्रिख ह्रोझ्नी या चेक भाषापंडितानं हित्ती भाषा उलगडून ती इंडो-युरोपीय कुळातली, म्हणजे ग्रीक-संस्कृतची दूरची नातेवाईक असल्याचं दाखवलं होतं. तुर्की भाषेशी तिचा संबंध नाही. ही वंशकथा पुढे मागे पडली, पण त्या निमित्तानं झालेली उत्खननं आणि अंकारातलं अनातोलियन संस्कृतींचं संग्रहालय आज जगात नावाजलेलं आहे. चुकीच्या सिद्धांतापोटीही चांगलं काम उभं राहतं, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, नाहीतर ते सगळंच टाकाऊ समजतात.

आता मेक्सिको. त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथे विसरलेल्या पूर्वजांचे वारस हजर होते. 1790मध्ये, स्पॅनिश अमल चालू असताना, मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकामात अॅझ्टेकांचे दोन प्रचंड दगड निघाले: कोआत्लिक्वे देवीची मूर्ती आणि सूर्यशिला. सूर्यशिला मोठ्या चर्चच्या भिंतीला लावून ठेवली. मूर्ती विद्यापीठाच्या अंगणात नेली, तर आदिवासी स्त्री-पुरुष तिच्यापुढे मेणबत्त्या आणि फुलं घेऊन येऊ लागले. अधिकाऱ्यांनी ती पुन्हा पुरून टाकली! 1803मध्ये हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञ-प्रवाशाला पाहायची होती म्हणून तेवढ्यापुरती उकरली. पुढे देश स्वतंत्र झाला. नाव अॅझ्टेकांचं, ध्वजावर निवडुंगावर बसलेला अॅझ्टेकांचा गरुड. 1964मध्ये भव्य राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय उघडलं. त्याच्या दारासाठी कोआत्लिंचान गावातून दीडशे टनांहून जड असा पर्जन्यदेवतेचा दगड आणायचा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, शेवटी सैन्य आणावं लागलं. देव पूर्वजांचा म्हणून राष्ट्राला हवा होता, आणि त्याला आपला मानणारी जिवंत माणसं मात्र त्या राष्ट्राला अडचणीची वाटत होती. या विषयात मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

याच्या उलट टोकाला झिंबाब्वे. ग्रेट झिंबाब्वे या जुन्या उद्ध्वस्त नगराच्या दगडी भिंती आफ्रिकनांनी बांधल्याच नाहीत, त्या फिनिशियनांच्या किंवा शेबाच्या राणीच्या, असं गोऱ्या वसाहतवाल्यांनी पसरवलं. 1905मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि 1929मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून सांगितलं की हे काम स्थानिक आफ्रिकनांचंच आहे. तरी ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या राजवटीला ते सोसेना. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला 1970मध्ये देश सोडावा लागला. 1980मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशानं त्या भग्नावशेषांचंच नाव घेतलं आणि तिथला दगडी पक्षी ध्वजावर आला. म्हणून 'नवी राष्ट्रं पूर्वज रचतात' हे वाक्य मी कधीच सरसकट म्हणत नाही. इथे रचलेली गोष्ट वसाहतीची होती, आणि नव्या राष्ट्रानं पुराव्याच्या बाजूनं कौल दिला.

आता घरी येते. सिंधू संस्कृतीच्या शोधाची घोषणा पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी सप्टेंबर 1924मध्ये केली. हडप्पाला दयाराम साहनी, मोहेंजोदडोला राखालदास बॅनर्जी यांनी काम केलं होतं. बॅनर्जी तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे प्रमुख होते. पुढे तेवीस वर्षांत फाळणी झाली आणि दोन्ही स्थळं पाकिस्तानात गेली. वस्तूंची वाटणी झाली, इतकी काटेकोर की मोहेंजोदडोचा एक हार आणि एक कमरपट्टा मणी मोजून दोन देशांत अर्धा-अर्धा केला. 1950मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांचं पुस्तक आलं, 'पाकिस्तानची पाच हजार वर्षं' अशा अर्थाच्या नावाचं. देशाला तीनच वर्षं झाली होती. आपल्याकडे त्याच सुमारास शोध सुरू झाला तो सीमेच्या अलीकडे हडप्पा संस्कृतीची गावं शोधण्याचा. एस. आर. राव यांचं लोथल 1955 ते 1960, पुढे कालीबंगा, धोलावीरा. राष्ट्राची ओढ नसती तर एवढे पैसे आणि माणसं या कामाला मिळाली नसती. पण त्या ओढीतून हाती आलेलं ज्ञान अस्सल आहे: लोथलचे मणी बनवणारे कारखाने, धोलावीराची पाणी साठवण्याची व्यवस्था. महाराष्ट्रालाही यात वाटा मिळाला तो प्रवरेकाठच्या दायमाबादला, 1974मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेड्यामुळे. सिंधू लोकांची लिपी आजही वाचलेली नाही. ते स्वतःला काय म्हणत, हे ठाऊक नसताना त्यांच्यावर मालकी सांगणारे मात्र दोन देशांत आणि प्रत्येक देशात चार पक्षांत आहेत.

राज्यांचंही तसंच असतं. सातवाहन कुणाचे? आपण म्हणतो महाराष्ट्राचे. नाणेघाट आणि नाशिकचे लेख आपल्याकडचे, पैठण आपलं, 'शालिवाहन शके' आपल्या पत्रिकांवर. पुराणं त्यांना आंध्र म्हणतात. तेलंगणात कोटिलिंगाला इथे सुरुवातीच्या सातवाहन राजांची नाणी मिळाली आहेत, करीमनगरच्या विद्यापीठाचं नाव सातवाहन आहे, आणि 2015मध्ये आंध्र प्रदेशानं नव्या राजधानीसाठी अमरावती हे नाव घेतलं. या वादात मला बाजू घ्यायची नाही, कारण त्या राजांना 1956 किंवा 1960ची सीमारेषा माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण दगड काय सांगतात ते मात्र ऐका. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक-यवन-पल्हवांचा (यवन म्हणजे इथे ग्रीक) नाश करणारा म्हणते. शाळेत आपण इथे थांबतो आणि परकीयांना हाकलणारा मराठी राजा अशी गोष्ट पुरी करतो. पुढचं पान आपल्याच बोरिवलीत, कान्हेरीला आहे. तिथल्या एका पाण्याच्या टाक्याजवळचा लेख सांगतो की बलश्रीचा नातू वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी ही कार्दमक या शक घराण्यातल्या महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, मुलगी होती. म्हणजे ज्या शकांना संपवल्याचा अभिमान आजीनं कोरला, त्यांच्याच घरात पुढच्या पिढीची सोयरीक झाली. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिलेले खांब आहेत, आणि दात्यांची नावं बौद्ध वळणाची, इथल्या मातीतली आहेत. भारत सरकारनं 22 मार्च 1957पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, तिचा संवत शक. तो रुळला शक क्षत्रपांच्या लेखांतून. बाहेरून आलेल्या लोकांचं नाव आपल्या राष्ट्रीय कालगणनेला आहे, आणि त्यानं आपलं काही कमी झालेलं नाही.

मुंबईचा एक धागा सहसा सांगितला जात नाही, म्हणून सांगते. इराणनं विसाव्या शतकात इस्लामपूर्व पर्शियाला जो उजाळा दिला, त्याची पूर्वतयारी बऱ्याच अंशी या शहरात झाली. 1854मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणमधल्या झरथुष्ट्री बांधवांच्या मदतीला पाठवलं. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर 1882मध्ये त्यांच्यावरचा जिझिया उठला. 1920च्या दशकात इराणी विद्वान पूर-दावूद मुंबईत येऊन राहिले आणि झरथुष्ट्राच्या गाथांचं त्यांचं फारसी भाषांतर इथून प्रसिद्ध झालं. प्राचीन इराणच्या राजधानीतल्या, पर्सेपोलिसच्या, शिल्पांची नक्कल आपल्या अग्याऱ्यांवर आहे, आणि विसाव्या शतकातला इराणचा राजा रझाशाह याच्या तेहरानमधल्या सरकारी इमारतींवरही. पारशांसाठी मात्र तो विसरलेला भूतकाळ कधीच नव्हता. ती रोजची प्रार्थना होती.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळे पूर्वज खोदूनच सापडतात असं नाही, काही जण लोकांच्या तोंडी टिकून असतात. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' हे आपल्या बायका ओवाळताना म्हणतच होत्या. जोतीराव फुल्यांनी 1873मध्ये 'गुलामगिरी'त त्या बळीला शूद्रातिशूद्रांचा राजा म्हणून उभं केलं. हाती राज्य नसलेल्या माणसांनीही पूर्वज शोधले, कारण त्यांना मान हवा होता. फुल्यांनी त्या काळातला आर्य आक्रमणाचा सिद्धांत स्वीकारून त्याची बाजू उलटवली. त्यातला प्रत्येक तपशील आजच्या पुराव्यावर टिकत नाही, हे मी वर्गात स्पष्ट सांगते. पण बळीची आठवण लोकांत होती हे वास्तव आहे, आणि ती कुणी जपली हे विचारणं हा इतिहासच आहे. 14 ऑक्टोबर 1956ला बाबासाहेबांनी अशोक विजयादशमीच्या दिवशी नागपूरला दीक्षा घेतली, तिथे त्यांनी नाग लोकांची आठवण काढली. नऊ वर्षांपूर्वी ज्याचं चक्र वारस नाही म्हणून सोयीचं होतं, त्या अशोकाला लाखो वारस मिळाले. ते वारसा नुसता चिन्हांपुरता मागत नव्हते, समतेसकट मागत होते. तेव्हापासून अशोक निव्वळ राजमुद्रेवरचा राहिला नाही.

म्हणून 'हे सगळं रचलेलं का?' याला माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि 'मग खरं का?' यालाही मी नुसतं 'हो' म्हणणार नाही. लेख, नाणी, भिंती खऱ्या आहेत. 'ते आपले' हा त्यानंतर घेतलेला निर्णय असतो. तो कुणी, कधी, कशासाठी घेतला हे मुलांना शोधता येतं, आणि सहावीची मुलं ते मोठ्यांपेक्षा मोकळेपणानं करतात.

वर्गासाठी माझी सूचना अशी. आधी मुलांना सोपाऱ्याच्या स्तूपावर न्या, 'बुरुड राजाचा कोट' हे नाव सांगा आणि गावातल्या वयस्कर माणसांशी बोलू द्या. मग संग्रहालयातला लेखाचा तुकडा दाखवा. एका दहा रुपयांच्या नोटेवरची राजमुद्रा आणि सारनाथच्या मूळ शीर्षाचा फोटो शेजारी ठेवून काय घेतलं, काय सोडलं ते त्यांना लिहायला सांगा. खालचं घंटेच्या आकाराचं उलटं कमळ सोडलंय, हे कुणीतरी नक्की ओळखेल. शेवटी कान्हेरी. तिथे सातकर्णीच्या राणीचा लेख दाखवण्याआधी नाशिकचा लेख वाचून दाखवा आणि दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते मुलांनाच ठरवू द्या. त्या मुलीला आधी तिचं उत्तर विचारा, मग माझं सांगा. कान्हेरी सोमवारी बंद असते, आणि पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा नोव्हेंबरनंतरचा एखादा मंगळवार धरा.